निदानाआधीचा प्रश्न

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, तेव्हा त्यासाठी बारा राज्यं निवडली होती. गुजरात त्यात होतं, मध्य प्रदेश होतं. महाराष्ट्र नव्हतं. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातलं काठी हे गाव सातपुड्याच्या ज्या रांगेत वसलं आहे, ती रांग एकीकडे गुजरातेत उतरते आणि दुसरीकडे मध्य प्रदेशात शिरते. तिन्हीकडे भिल्ल आणि पावरा माणसं तीच, सोयरीकही आपसातली. मोजणी मात्र राज्याच्या सीमेशी थांबली. देशातल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते, हे त्या सर्वेक्षणाचे आकडे आज महाराष्ट्रातल्या भाषणांतही आपलेच असल्यासारखे ऐकवले जातात. काठीच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं २०१८ मध्ये आदिवासी आरोग्यावरचा अहवाल दिला. आदिवासींचे दहा खास आरोग्यप्रश्न त्यात सांगितले आहेत आणि त्यांत व्यसन व मानसिक आरोग्य हा एक आहे. तो दहांत आला हेच विशेष, कारण त्याआधी आदिवासी आरोग्य म्हटलं की मलेरिया, कुपोषण आणि सिकलसेल यांच्यापुढे चर्चा फारशी सरकत नसे.

हा विषय निघाला की एक उत्तर तयारच असतं: डॉक्टर नाहीत. ते खरं आहे. भारतात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, ०.७५ हा आकडा बहुतेक अभ्यासांत सापडतो आणि गरज निदान तिघांची सांगितली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या पाहणीनुसार गरीब देशांत लाख लोकांमागे मानसिक आरोग्याचं काम करणारी सगळी मिळून दोन माणसंही नाहीत, श्रीमंत देशांत साठाहून अधिक आहेत. सरकारं आरोग्यावर जो खर्च करतात त्यातला जेमतेम दोन टक्के या खात्यावर पडतो. महाराष्ट्राची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. सगळी इंग्रजांच्या काळात उभी राहिलेली आणि खानदेशात त्यांतलं एकही नाही. काठीच्या माणसाला देवगोई घाट उतरून अक्कलकुवा, तिथून तळोदा, मग नंदुरबार अशी मजल मारावी लागते आणि ठाणं त्याच्याही कितीतरी पुढे. गुजरातेतलं वडोदऱ्याचं मनोरुग्णालय त्यामानानं जवळ, पण ते दुसऱ्या राज्याचं.

तरीही हे उत्तर अपुरं आहे, आणि फार सोयीचं आहे. सोयीचं अशासाठी की त्यात कुणालाच उद्या सकाळी काही करावं लागत नाही. तज्ज्ञ तयार व्हायला वर्षं लागतात, तोवर सगळे मोकळे. समजा, काठीजवळच्या मोलगीच्या ग्रामीण रुग्णालयात एक मानसोपचारतज्ज्ञ कायमचा येऊन बसला. त्याच्यापुढे कोण येईल? आपल्याला जे होतंय तो या डॉक्टरनं बघायचा आजार आहे, हे आधी कुणीतरी ओळखलेलं असावं लागतं. रुग्णानं नाही तर घरच्यांनी, घरच्यांनी नाही तर आशाताईनं, तिनंही नाही तर आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं. निदान तज्ज्ञाच्या टेबलावर पुरं होत असेल, सुरू मात्र पाड्यावर होतं. पहिला प्रश्न कोण विचारतो, कुठल्या भाषेत विचारतो आणि वर्षाच्या कुठल्या दिवसांत विचारतो, यावर पुढचं सगळं ठरतं. सातपुड्यात गाडं अडलं आहे ते इथे.

सिकलसेलशी ताडून पाहिलं की अडचण नेमकी दिसते. नंदुरबार हा सिकलसेलचा जिल्हा. बोटाच्या टोकातून थेंबभर रक्त घेतलं, सोल्युबिलिटी चाचणी केली, संशय आला तर इलेक्ट्रोफोरेसिसला नमुना पाठवला. रुग्ण कोणती भाषा बोलतो याच्याशी त्या नळीला कर्तव्य नसतं. मानसिक आजाराला अशी नळी नाही. तिथे संभाषण हीच तपासणी असते. त्या संभाषणात दुभाषा म्हणून रुग्णालयाचा शिपाई किंवा बाईचा नवरा उभा असेल, तर तपासणी बिघडलीच म्हणून समजावं. ज्या घरात तिला मारहाण होते त्याच घरातला माणूस तिचं उत्तर डॉक्टरला सांगणार, आणि केसपेपरवर ‘विशेष तक्रार नाही’ असं लिहिलं जाणार.

केंद्र सरकारनं १० ऑक्टोबर २०२२ ला ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा सुरू केली. १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट. वीस भाषांची सोय. त्यात मराठी, गुजराती, कोकणी आहेतच. डोगरी, बोडो आणि मिझोही आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. २०११ च्या जनगणनेत डोगरी बोलणारे सुमारे २६ लाख होते, बोडो बोलणारे सुमारे १५ लाख, मिझो बोलणारे ८ लाखांच्या आसपास. भिली आणि तिच्या पोटातल्या बोली बोलणारे होते १ कोटी ४ लाख. भिली त्या वीसांत नाही. ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही, एका राज्यात एकवटलेली नाही, चार राज्यांच्या कोपऱ्यांत वाटली गेली आहे. म्हणून कुठल्याही एका राजधानीला तिची निकड वाटत नाही. काठी-मोलगीकडची म्हातारी नंबर फिरवेल की नाही, तिच्या पाड्यावर रेंज असेल की नाही, हे प्रश्न नंतरचे. फिरवलाच, तर पलीकडून मराठी येणार.

प्राथमिक आरोग्य केंद्रात ती प्रत्यक्ष जाते तेव्हा काय सांगते? ‘मन लागत नाही’ असं क्वचित. अंग दुखतं, डोकं जड झालंय, छातीत धडधडतं, झोप नाही, हातापायांत जीव नाही. डॉक्टर नाडी बघतो, रक्तदाब बघतो, लोहाच्या गोळ्या देतो. हिमोग्लोबिन कमी निघतंच, त्यामुळे शंकेला जागा उरत नाही. बाई सुई मागते किंवा सलाईन मागते, तेही मिळतं. दोन आठवड्यांनी ती पुन्हा तीच तक्रार घेऊन रांगेत. हे फक्त आदिवासी भागात होतं असं नाही. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांचा मोठा अभ्यास केला. २००५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या तक्रारीचं नातं जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, नैराश्याच्या आणि चिंतेच्या लक्षणांशी अधिक घट्ट असल्याचं त्यातून दिसलं. सरकारी रिवाज मात्र असा की पांढरं जातं म्हटलं की प्रतिजैविकांचा कोर्स. किती बायकांनी किती वर्षं हे कोर्स नाहक गिळले असतील याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

आता आशाताईच्या हातातल्या कागदाकडे वळू. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणीसाठी तिला घरोघरी एक फॉर्म भरावा लागतो. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग यांच्या प्रश्नांबरोबर त्यात आता मनाविषयीचे दोन प्रश्न आले आहेत: गेल्या काही दिवसांत कशात रस वाटेनासा झाला का, आणि उदास, निराश वाटतं का. दोनच प्रश्न, पण ते आले हे चांगलं झालं. अडचण अशी की हा फॉर्म भरायचा तीस वर्षांच्या पुढच्या माणसांसाठी. मधुमेह आणि रक्तदाबाला ती वयोमर्यादा शोभते. सातपुड्यात तीस वर्षांची बाई तीन-चार लेकरांची आई असते. तिचं पहिलं बाळंतपण विशीत किंवा त्याच्याही आधी उरकलेलं असतं, आणि बाळंतपणाच्या आगेमागे येणारं नैराश्य त्या वयातलं. ते प्रश्न तिच्या दारी पोचतात तोवर ज्याबद्दल विचारायचं ते घडून गेलेलं असतं.

ही गोष्ट नंदुरबारसाठी किरकोळ नाही. महाराष्ट्रात कुपोषण म्हटलं की मेळघाटाच्या जोडीनं नंदुरबारचं नाव येतं. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाल्यापासून या जिल्ह्यात योजना कमी आल्या असं म्हणता येणार नाही: नवसंजीवनी, अमृत आहार, ग्राम बाल विकास केंद्रं, पोषण पुनर्वसन केंद्रं, भरारी पथकं, नर्मदेच्या पाण्यावर फिरणारा तरंगता दवाखाना. अंगणवाडीताई बाळाचं वजन करते, उंची मोजते, दंडाला पट्टी लावते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की बाळ तीव्र कुपोषित, त्याची नोंद लाल रंगात. त्याच खोलीत, त्याच सतरंजीवर, बाळाला मांडीवर घेऊन आई बसलेली असते. तिला विचारलं जातं ते बाळ काय खातं, किती वेळा अंगावर पितं. ती स्वतः जेवते का, रात्री झोपते का, मुलाकडे बघून तिला काही वाटतं का, हे कुणी विचारत नाही. विचारावं असं कुठल्या रजिस्टरमध्ये लिहिलेलंही नाही.

आईच्या मनाचा आणि बाळाच्या वजनाचा संबंध हा अंदाज नव्हे. गोव्यातच २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या आयांची मुलं सहाव्या महिन्यात अधिक प्रमाणात कुपोषित आढळली. पुढचं पाऊल पाकिस्तानात पडलं. रावळपिंडीच्या ग्रामीण भागात डॉ. आतिफ रहमान यांच्या गटानं तिथल्या ‘लेडी हेल्थ वर्कर’ना, म्हणजे आपल्या आशाताईंच्या जातकुळीतल्याच बायकांना, नैराश्य आलेल्या गरोदर स्त्रियांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण दिलं. त्यांनी घरभेटींत बाळाच्या निमित्तानंच बोलायचं होतं, वेडाबिडाचं नाव काढायचं नव्हतं. ‘लान्सेट’मध्ये २००८ साली निकाल आले. नुसत्या नेहमीच्या भेटी मिळालेल्या आयांपैकी ५३ टक्के सहा महिन्यांनी नैराश्यातच होत्या. हे बोलणं ज्यांच्याशी झालं त्यांच्यात ते प्रमाण २३ टक्क्यांवर आलं होतं. मनोविकारतज्ज्ञ वाढवून हे साधलेलं नाही. जी बाई तसंही दारात येत होती तिला एक वेगळा प्रश्न विचारायला शिकवलं, एवढंच.

पोषण पुनर्वसन केंद्रात तर आई बाळासोबत दोन दोन आठवडे राहते. आदिवासी भागातली आई सरकारी छपराखाली सलग इतके दिवस दुसऱ्या कुठल्या कारणानं राहत नाही. तिथून बाळ सहा-सातशे ग्रॅम चढून घरी जातं आणि काही महिन्यांनी तेच बाळ परत येतं, तेव्हा दोष आईच्या अज्ञानावर टाकला जातो. ‘ह्या बायका ऐकतच नाहीत,’ हे वाक्य कुठल्याही आदिवासी तालुक्यातल्या आढावा बैठकीत ऐकू येईल. ऐकण्याइतकी उमेद त्या बाईत उरली आहे का, हे बघणं मात्र त्या बैठकीच्या विषयपत्रिकेत नसतं.

सरकारी माणूस प्रश्न विचारत नाही, पण पाड्यावर प्रश्न विचारणारा एक जण पूर्वीपासून आहे. त्याला कुणी बडवा म्हणतं, कुणी भगत. तो रात्री-अपरात्री येतो, रुग्णाच्या भाषेत बोलतो, सगळ्या घराला समोर बसवतो, दाणे टाकून बघतो आणि आजाराला नाव देतो. शहरी सुधारक त्याला लुच्चा ठरवून मोकळा होतो. अलीकडे विद्यापीठांतून त्याला परंपरेचा ज्ञानी ठरवण्याची हौसही आली आहे. दोन्ही मतं त्याचं काम न बघता बनलेली. काही वेळा तो रुग्णाला खरंच उतारा देतो. माणसाचं गाऱ्हाणं चारचौघांत ऐकलं जाणं, घरानं त्याच्यासाठी कोंबडं-नारळ खर्चणं, याचा गुण मनाला येतोच.

दुखणं नवसानं सुटतं या समजुतीच्या मुळाशी काठीची राजवाडी होळी नेते. काठी हे मेवासी संस्थान. होळीची परंपरा १२४६ पासूनची सांगतात. सुमारे सत्तर फुटी बांबूचा दांडा, हातांनी उकरलेला खड्डा, रात्रभर ढोल आणि पहाटे पेटणारी होळी. बुध्या आणि बावा होऊन अंगावर राखेचे ठिपके रेखून नाचणारे पुष्कळ जण नवसाचे असतात. ते काही दिवस व्रत पाळतात, खाटेवर बसत नाहीत, अंगाला पाणी लावत नाहीत. घरातल्या कुणाच्या दुखण्यासाठीही हा नवस बोललेला असू शकतो. बाहेरच्या डॉक्टरनं एखाद्या तरुणाला आंघोळ न करता, राख फासून, लोकांपासून वेगळं राहताना पाहिलं तर वहीत काय लिहील? आणि उलटही खरं. ज्याचं व्रत होळीबरोबर संपायला हवं होतं आणि संपलं नाही, जो ज्येष्ठ-आषाढातही तसाच हिंडतो, त्याला गाव ‘अजून देवाचा आहे’ म्हणून सोडून देतं. व्रत कुठे संपलं आणि आजार कुठे सुरू झाला हे पाड्यावरच्या माणसाला कळतं, पण त्याला ते कुणी विचारत नाही. हार्वर्डचे मानसोपचारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन १९७७ पासून सांगत आले की एका समाजात घडवलेले आजाराचे साचे दुसऱ्या समाजावर जसेच्या तसे बसवणं ही मुळातली चूक आहे. त्यांचं म्हणणं खरं करायला काठीची एक रात्र पुरेल.

भगताचं दुसरं तोंड मात्र भयंकर आहे. त्यानं दिलेल्या नावात कधी कधी माणूस असतो, आणि तो माणूस बहुधा बाई असते: एकटी, वयस्क, थोडीफार जमीन असलेली. डाकीण ठरवण्याच्या घटना नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात आजही पोलिसांपर्यंत येतात आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं या प्रश्नावर इथे बरंच काम केलं आहे. या प्रकरणांकडे स्त्रीवरचा अत्याचार म्हणून पाहिलं जातं, जमिनीचं भांडण म्हणून पाहिलं जातं. ती दोन्ही असतातच. पण सुरुवात शोधत गेलं तर पुष्कळदा तिथे एक आजार सापडतो. कुणाचं मूल झटके येऊन गेलं, कुणाची तरणी सून एकाएकी असंबद्ध बडबडू लागली. अपस्माराचे झटके आणि बाळंतपणानंतरचा तीव्र मनोविकार हे दोन्ही आजार औषधानं आटोक्यात येतात. त्यांचं निदान झालं नाही, की किंमत फक्त रुग्ण चुकवत नाही; शेजारच्या झोपडीतली निरपराध म्हातारी चुकवते. ‘उपचारांतली तूट’ मोजणाऱ्या कुठल्याही तक्त्यात ही म्हातारी धरलेली नसते.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला हत्या झाली आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरखंडानं, साखळीनं बांधून मारण्याबद्दल आहे. कायदा हवाच होता. पण कायदा भगताला थांबवतो तेव्हा रुग्णाचं घर त्याच्याऐवजी कुठे जाणार, याचं उत्तर कायद्यात असू शकत नाही. ते आरोग्य खात्याकडे हवं. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात त्यावर एक वाट निघाली. मुजावर दुवा देतात आणि शेजारीच डॉक्टर दवा देतात, मुजावर स्वतःच रुग्णाला तिकडे धाडतात. ‘दवा-दुवा’ याच नावानं तो उपक्रम ओळखला जातो. तो काही आदर्श म्हणून चालू झाला नाही. त्यामागे तमिळनाडूतल्या एरवाडीची आठवण आहे: ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका झोपडवजा आश्रमाला आग लागली आणि साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण तीत दगावले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाला लक्ष घालावं लागलं. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला साफ बंदी केली. सातपुड्यात दर्ग्यासारखं एक ठिकाण नाही, पाड्यापाड्यावर भगत आहेत, म्हणून उनाव्याची नक्कल इथे चालणार नाही. पण झटके येणारं मूल आणि बाळंतपणानंतर बरळणारी बाई, या दोन गोष्टी पाहिल्या की विधी कर आणि रुग्णाला मोलगीला पाठव, एवढा करार भगताशी करणं अशक्य नाही. सर्पदंशाच्या बाबतीत असे प्रयत्न आदिवासी भागांत झालेले आहेत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या, ज्यांची पोरं कुपोषणानं गेली, त्यांच्या दुःखाला ‘आजार’ म्हणून गोळी देणं ही लबाडी नव्हे काय? सरदार सरोवरानं महाराष्ट्रातली जी ३३ गावं बुडवली ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतलीच. त्यांतल्या मणिबेलीच्या माणसाला झोप लागत नसेल तर त्याला डॉक्टर हवा की जमीन? डेरेक समरफील्ड यांच्यासारखे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ गेली कित्येक वर्षं हेच म्हणत आहेत, की पाश्चात्त्य मनोविकारशास्त्र गरीब देशांत जाऊन अन्यायाचं रूपांतर लक्षणांत करतं. त्यांच्या बाजूनं एक जुना पुरावाही मांडला जातो. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्किझोफ्रेनियाचा बहुदेशीय अभ्यास सुरू केला. आपल्याकडचं त्याचं केंद्र आग्र्याला होतं आणि विकसनशील देशांतले रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा अधिक बरे होताना दिसले. त्या निष्कर्षावर पुढे बरेच प्रश्न उभे राहिले, तरी ‘गावात माणूस सांभाळला जातो’ ही समजूत त्यानंतर पक्की झाली.

आक्षेपाचा अर्धा भाग मानावा. ज्याला जमीन हवी त्याला जमीनच द्यावी, आणि समुपदेशकानं त्याला सहनशक्ती शिकवायला जाऊ नये. पण अपस्मार हा विस्थापनाचा निषेध नसतो. कानात आवाज ऐकू येणारा तरुण बाजारभावाविरुद्ध बोलत नसतो. सगळ्या दुःखाला आजार म्हणणं जितकं चूक, तितकंच सगळ्या आजाराला गरिबी म्हणणं चूक; दुसऱ्या चुकीत तर औषधाचा खर्चही वाचतो, त्यामुळे ती सरकारला परवडते. गोळी कुणाला, रेशन कुणाला, पोलीस संरक्षण कुणाला आणि नुसतं चार वेळा येऊन बसणं कुणाला, हे निवडणं म्हणजेच निदान. आणि ते निवडायचं तर आधी विचारावं लागतं.

विचारणारी माणसं गावातूनच उभी राहू शकतात याचे दाखले महाराष्ट्रातच आहेत. विदर्भात शेतकरी आत्महत्यांच्या सावटात ‘विश्राम’ हा कार्यक्रम ३० गावांत चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला आणि प्राथमिक आधार द्यायला शिकवलं होतं. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये निकाल मांडले: नैराश्य असलेल्यांपैकी मदत मागणारे आधी ४.३ टक्के होते, अठरा महिन्यांत ते २७.२ टक्के झाले. नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाच्या केंद्रानं ‘आत्मीयता’ हा प्रयोग केला. गावातलीच विश्वासाची माणसं निवडून त्यांना फोनवर दाखवायच्या छोट्या फिल्म दिल्या. तोच प्रयोग पुढे मेहसाण्यात शेकडो गावांपर्यंत गेला. झिम्बाब्वेच्या डॉ. डिक्सन चिबांडांनी हरारेत दवाखान्याच्या आवारात बाकं टाकून त्यांवर आज्या बसवल्या, तेव्हा त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. २०१६ साली त्याचा काटेकोर तुलनात्मक अभ्यास झाला आणि आज्यांशी बोललेले लोक अधिक सुधारलेले आढळले.

या यशकथांनी मंत्रालयात आनंद होतो तो मात्र भीती वाटावी असा. कारण पुढचं वाक्य ठरलेलं असतं: मग आशाताईंनाच हे काम देऊ. आशाताई कागदोपत्री स्वयंसेविका. तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. त्यासाठी महाराष्ट्रातल्या आशांना २०२१ मध्ये संप करावा लागला आणि २०२३ च्या शेवटी पुन्हा. लसीकरण, क्षयरोग, सिकलसेल, गरोदर बाईला झोळीतून रस्त्यापर्यंत आणणं, हे सगळं तिच्याच डोक्यावर. त्यात एका नैराश्यग्रस्त आईशी सहा वेळा जाऊन पाऊण पाऊण तास बोलायचं तर त्याची स्वतंत्र मजुरी आणि स्वतंत्र वेळ धरावा लागेल. नाहीतर ती फॉर्मवर दोन खुणा करून पुढे जाईल, आणि तिला दोष देता येणार नाही. दुसरं असं की तिनं ओळखलेल्या रुग्णाला पुढे कुणी तपासणार नसेल, तर ओळखणंच अप्रामाणिक ठरतं. तीव्र मनोविकाराला गप्पांनी उतार पडत नाही. तिथे तज्ज्ञ हवा, औषध हवं आणि ते न तुटता हवं.

न तुटता, हीच इथली सर्वांत अवघड गोष्ट. दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव भागातली कुटुंबं ऊसतोडीला आणि बांधकामावर गुजरातेत उतरतात. बारडोली, सुरत, नवसारी. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं औषध महाराष्ट्राच्या केंद्रातून मिळतं, महिन्यापुरतं. रुग्ण उसाच्या फडात आणि गोळ्या घाटावर. अपस्माराचं फेनोबार्बिटोन एकाएकी बंद झालं तर झटके पहिल्यापेक्षा जोरानं येतात, तेही कोयता हातात असताना. रेशनकार्ड आता देशभर चालतं. बारडोलीत नंदुरबारचं धान्य मिळू शकतं. फेनोबार्बिटोनला ती सोय नाही, आणि ते तर अपस्मारावरच्या औषधांतलं सर्वांत स्वस्त.

होळीला मात्र माणूस कुठेही असला तरी घरी येतो. त्याआधीच्या आठवड्यात धडगाव-मोलगी भागात भोंगऱ्याचे बाजार भरतात, डोंगरातला प्रत्येक पाडा तिथे खाली उतरतो. आरोग्य खात्याची शिबिरं मात्र १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाला, बॅनर लावून होतात. तेव्हा घरं निघायच्या तयारीत असतात. तीच यंत्रणा भोंगऱ्याच्या दिवसांत मोलगीत बसली, पावरी आणि भिली बोलणारे दोन दुभाषे तिनं रोजावर घेतले, अपस्माराच्या आणि मनोविकाराच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांचं औषध एकदम दिलं, पंधरवड्या-महिन्यानं घ्यायची लांब पल्ल्याची इंजेक्शनं कुठे मिळतील याची गुजराती चिठ्ठी हातात ठेवली, तर त्याला नवा कायदा लागत नाही. २०१७ चा कायदा तर म्हणतोच की जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर रुग्णानं जिल्ह्यातच दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारनं सोसावा. तीन महिन्यांचं औषध एकदम द्यायला औषधनिर्माण अधिकारी आक्षेप घेईल, लेखापरीक्षक दुभाष्याच्या रोजाचं शीर्षक कोणतं ते विचारेल, आणि लिथियमसारख्या औषधाला रक्ततपासणी लागते म्हणून ते या पिशवीत ठेवता येणार नाही. यांतला तिसरा अडसर वैद्यकीय आहे. उरलेले दोन जिल्हाधिकारी कार्यालयात एका दुपारी सुटण्यासारखे आहेत.